द्विपक्षीय हवाई सेवा करार व कोडशेअर

दोन देशांमध्ये कोणत्या विमान कंपन्यांनी, कोणत्या शहरांदरम्यान आणि किती प्रमाणात प्रवासी व माल वाहून न्यावा हे ठरवणारा त्या देशांच्या सरकारांमधील करार म्हणजे द्विपक्षीय हवाई सेवा करार. एका कंपनीने चालवलेल्या उड्डाणाची तिकिटे दुसऱ्या कंपनीने स्वतःचा संकेत (कोड) व क्रमांक लावून विकण्याच्या व्यवस्थेस कोडशेअर म्हणतात. ही व्यवस्था कंपन्या आपसांत ठरवत असल्या, तरी सरकारी करारात तिला मुभा असावी लागते. आणि तो करार जिथे हात आखडता घेतो, तिथेच तिची गरज अधिक भासते.

या पद्धतीचे मूळ 7 डिसेंबर 1944 च्या शिकागो करारात आहे. प्रत्येक देशाचा आपल्या भूभागावरील आकाशावर संपूर्ण अधिकार असल्याचे त्याच्या पहिल्याच कलमात मान्य केले आहे, तर सहाव्या कलमानुसार त्या देशाच्या परवानगीवाचून नियमित आंतरराष्ट्रीय सेवा चालवता येत नाही. व्यापारी हक्कांबाबत सर्वांचे एकमत न झाल्याने देशांनी दोघादोघांत बोलणी सुरू केली, आणि अमेरिका व ब्रिटन यांच्यातील 1946 चा बर्म्युडा करार पुढच्या अनेक करारांसाठी नमुना ठरला. शहरे व फेऱ्यांवरील बंधने काढून टाकणारे ‘ओपन स्काय’ करार अमेरिकेने 1992 मध्ये नेदरलँड्सपासून सुरू केले. भारताशी तिचा असा करार 2005 मध्ये झाला.

भारताच्या बाबतीत खरी ओढाताण आखाती देशांशी होते. संयुक्त अरब अमिरातीत दुबई, अबू धाबी, शारजा यांच्याशी भारताचे आसनवाटप वेगवेगळे ठरते. दुबईसाठी प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 65,000 आसने आहेत. ही आसने कागदोपत्री भारत–दुबई प्रवासासाठी असली, तरी दुबईच्या एमिरेट्स या कंपनीच्या विमानाने मुंबईहून निघालेल्या अनेकांना दुबईत केवळ विमान बदलून लंडन किंवा न्यूयॉर्क गाठायचे असते. भारतीय कंपन्यांचा लांब पल्ल्याचा प्रवासी असा परस्पर वळतो, ही आसने वाढवण्यास असलेल्या विरोधामागची मुख्य तक्रार आहे आणि ती निराधार नाही. 2016 च्या नागरी हवाई वाहतूक धोरणाने सार्क देशांशी, तसेच दिल्लीपासून 5,000 किलोमीटरपलीकडील देशांशी परस्पर तत्त्वावर ओपन स्कायची तयारी दाखवली. दुबई, दोहा, इस्तंबूल आणि सिंगापूर ही विमान बदलण्याची मोठी केंद्रे मात्र या अंतराच्या आतच राहतात.

करारातील शहरांची यादीही आसनसंख्येइतकीच निर्णायक असते. भारतीय कंपनीला पुण्याहून दुबईला उड्डाण करता येते. पण दुबईच्या कंपनीला भारतात केवळ यादीतील शहरांतच उतरता येते, आणि त्या यादीत पुणे नाही. दुबईने 2022 मध्ये आठवड्याला आणखी 50,000 आसने मागितली, तेव्हा नव्या शहरांमध्ये पुणे व गोवा यांचाही समावेश होता. भारताने ती मागणी मान्य केली नाही. कतार एअरवेजची विमाने मात्र दोह्याहून थेट नागपुरास येत आली आहेत. विदर्भाला जे मिळाले ते पुण्याला नाही, याचे उत्तर प्रवाशांच्या संख्येत नव्हे, तर त्या त्या देशाशी झालेल्या वाटाघाटींत शोधावे लागते.

अशा वेळी कोडशेअर उपयोगी पडतो. परदेशी कंपनीला भारतात देशांतर्गत वाहतूक करता येत नाही, परंतु मुंबई किंवा दिल्लीपुढच्या भारतीय कंपनीच्या उड्डाणावर तिला आपला संकेत लावता येतो. त्यासाठीची शहरेही अनेकदा करारात नमूद केलेली असतात. उलट दिशेनेही हेच चालते. इंडिगो व टर्किश एअरलाइन्स यांच्यात 2018 मध्ये झालेल्या करारामुळे इंडिगोची विमाने जात नसलेल्या युरोपीय शहरांची तिकिटेही पुढे इंडिगोच्या ‘सिक्स-ई’ या संकेताखाली मिळू लागली. अशा तिकिटावर उड्डाण क्रमांकाखाली बारीक अक्षरांत ‘ऑपरेटेड बाय’ असे लिहून पुढे विमान चालवणाऱ्या कंपनीचे नाव दिलेले असते. प्रवाशाने ती ओळ अवश्य वाचावी, कारण चेक-इन साधारणतः त्याच कंपनीच्या काउंटरवर होते आणि सामानाचे नियमही तिकीट विकणाऱ्या कंपनीपेक्षा वेगळे असू शकतात.

भरपाईच्या बाबतीत 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. भारत 2009 मध्ये त्यात सामील झाला. त्यानुसार प्रत्यक्ष वाहतूक करणाऱ्या कंपनीच्या टप्प्यावर सामान हरवले किंवा विलंबामुळे नुकसान झाले, तर प्रवासी त्या कंपनीवर, तिकिटाचा करार करणाऱ्या कंपनीवर किंवा दोघींवर मिळून दावा करू शकतो.