फ्रॅटर्निटीच्या दारात धर्म कसा उभा राहिला

अमेरिकेतल्या बहुतेक फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी, म्हणजे निवडून सदस्य घेणाऱ्या कॉलेजातल्या मुलांच्या आणि मुलींच्या संघटना, आज सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना घेतात. हा मोकळेपणा मुळात नव्हता. तो आणला बाहेर ठेवलेल्यांनी.

एकोणिसाव्या शतकात या संघटना वाढल्या त्या प्रामुख्याने गोऱ्या, प्रोटेस्टंट घरांतल्या मुलांच्या. बायबलवरची शपथ, ख्रिस्ती प्रतीकांचे गुप्त विधी आणि काहींच्या घटनेत सरळसरळ धर्माची आणि वर्णाची अट. जिथे लेखी अट नव्हती तिथे मतदान होते. अनेक ठिकाणी एका सदस्याचा नकार पुरे होई आणि तो का दिला हे कोणी विचारत नसे. मला हे गुप्त मत लेखी अटीपेक्षा घातक वाटते, कारण त्याविरुद्ध दाद मागायला काही हातातच नसते.

मग नाकारलेल्यांनी आपली घरे बांधली. कॅथलिक मुलांनी १८८९ मध्ये ब्राउन विद्यापीठात फाय कॅपा काढली, कॅथलिक मुलींनी १९१२ मध्ये मिशिगनमध्ये थीटा फाय अल्फा. ज्यू विद्यार्थ्यांची झीटा बीटा टाउ १८९८ ची, तर बर्नार्ड कॉलेजातल्या मुलींची अल्फा एप्सिलॉन फाय १९०९ ची. मात्र सगळ्यांनी एकच वाट धरली नाही. १८९५ मध्ये येलमध्ये पाय लॅम्ब्डा फाय आणि १९१३ मध्ये हंटर कॉलेजात फाय सिग्मा सिग्मा स्थापन झाल्या त्या धर्म न पाहण्याच्या तत्त्वावर. मोठ्या, प्रतिष्ठित संघटनांना जे पटायला आणखी अर्धे शतक लागले, ते या विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवले. या इतिहासातले खरे धाडस मला इथे दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. ज्यूंच्या संहारानंतर आणि सैनिक कॉलेजात परतल्यावर धर्माच्या अटीचे समर्थन करणे अवघड झाले. १९५१ मध्ये ज्यू आणि कॅथलिक सोरॉरिटींना राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषदेचे, म्हणजे सोरॉरिटींच्या देशव्यापी महासंघाचे, पूर्ण सदस्यत्व मिळाले. १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने एक पाऊल पुढे टाकले: आपल्या विद्यार्थी संघटनांना धर्म किंवा वर्ण पाहून सदस्य निवडायला बंदी केली आणि राष्ट्रीय संघटनांशी असलेले संबंधही तोडायला लावले. प्रकरण न्यायालयात गेले, १९५४ मध्ये विद्यापीठाचा निर्णय टिकला. त्याच वर्षी झीटा बीटा टाउने स्वतःच्या घटनेतली धार्मिक चौकट काढून टाकली. थीटा फाय अल्फाने १९६८ मध्ये सर्व धर्मांच्या मुलींना दार उघडले.

अट गेली, पण वेळापत्रक, शिफारशी आणि घरच्यांची जुनी ओळख राहिली. शरद ऋतूतला 'रश', म्हणजे नवे सदस्य निवडण्याचा काळ, कधी रोश हशाना तर कधी योम किप्पुर या ज्यू सणांना गाठतो. दारूभोवती फिरणाऱ्या पार्ट्यांत अनेक मुस्लिम मुलांना जागाच नसते. म्हणूनच २०१३ मध्ये डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात अल्फा लॅम्ब्डा म्यू ही मुस्लिम फ्रॅटर्निटी निघाली. त्याआधी, १९९० च्या दशकात, दक्षिण आशियाई मुलामुलींच्या संघटना निघाल्या होत्या. बर्कलेची डेल्टा फाय बीटा १९९२ ची.