जुना फोन देण्याआधी

नवा फोन घेतला की जुना तिथल्या तिथे एक्स्चेंजला देऊन टाकावासा वाटतो. तेवढेच पैसे वाचतात. तरी दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एक विनंती करतो: निदान चार-पाच दिवस दोन्ही फोन घरात राहू द्या.

गेल्या दिवाळीत एक निवृत्त शिक्षिका रडवेल्या होऊन आल्या. जुना फोन त्यांनी दुसरीकडे दिला होता आणि तो पुसूनही झाला होता. नव्या फोनवर गूगल खातं उघडायला गेल्या, तर जुन्या फोनवर 'होय' दाबा असं पडद्यावर आलं. दुसरा मार्ग ओटीपीचा. पण खात्याला जोडलेला नंबर त्यांच्या यजमानांचा. ते गेले आणि नंबरही बंद झाला. नातवंडांचे सगळे फोटो त्याच खात्यात. मुलाच्या लॅपटॉपवर बाई अधूनमधून मेल बघत असत, तिथून प्रयत्न केल्यावर खातं उघडलं. नसतं उघडलं, तर आमच्याही हातात काही नव्हतं.

म्हणून सर्वांत आधी, जुना फोन हातात असतानाच, गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जा आणि रिकव्हरीचा, म्हणजे अडलेलं खातं परत मिळवायचा, नंबर नि ईमेल आज चालू आहेत का ते बघा. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, लावलेलं असेल तर तिथेच ८ आकडी १० बॅकअप कोड मिळतात, फोन हाताशी नसताना वापरायला. एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घ्या. पासवर्ड कुठेही लिहू नये असं म्हणतात, आम्हाला ते पटत नाही. स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवलेल्या पासवर्डपेक्षा कपाटातली वही कितीतरी बरी. यूपीआय पिन मात्र वहीतही नको.

ऑथेंटिकेटर ॲपमधले (खातं उघडताना लागणारे आकडे दाखवणारं ॲप) कोड नव्या फोनवर आपोआप येतीलच असं धरून चालू नका. जुन्या फोनवरून क्यूआर दाखवून ते हलवता येतात, आणि फोन पुसल्यावर ही सोय राहत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच दिवशी घ्या. ६ आकडी पिन लावला असेल तर तो आठवतोय ना, तेही बघा.

यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरून एक एसएमएस जातो, तेव्हा ते सिम नव्या फोनातच हवं. सिमही बदलून घेणार असाल तर लक्षात घ्या: बदललेलं सिम चालू झाल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपी येत नाही. बिल भरायच्या शेवटच्या दिवशी हे काम काढू नका.

सगळं नव्या फोनवर उघडलं, की मग जुना पुसा. आधी गूगल खातं काढायचं, आयफोन असेल तर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायचं, आणि नंतर फॅक्टरी रीसेट. उलट केलंत तर फोन घेणाऱ्याकडे तो तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. नुसते फोटो डिलीट करून भागत नाही. मेमरी कार्ड बऱ्याच जणांचं आत राहून जातं, तेवढं आठवणीने काढा.

आमच्याकडे पिन आणि पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने टाकायचे. आमचा माणूस तेवढा वेळ पाठ फिरवून उभा राहील. आमच्या नावाने कुणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

मदत हवी असेल तर दुपारी या, तेव्हा गर्दी कमी असते. दोन्ही फोन चार्ज करून आणा, आणि ती वहीसुद्धा.