जांघेतील अंतर्गळ (हर्निया)

पोट आणि मांडी यांच्यामधल्या तिरक्या घडीला जांघ म्हणतात. पोटातील आतडे, चरबी किंवा त्यांवरील पातळ आवरण (पर्युदर) या भागातल्या दुबळ्या जागेतून बाहेर डोकावू लागले, की जांघेतील अंतर्गळ होतो. बोलीत त्याला सर्रास ‘हर्निया’च म्हणतात. शरीरात इतरत्रही अंतर्गळ होतो, पण बहुतेक याच ठिकाणी. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो.

कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून जघनास्थीपर्यंत (ओटीपोटाच्या खाली पुढे असलेल्या हाडापर्यंत) एक चिवट पट्टा ताणलेला असतो. त्याच्या किंचित वर, पोटाच्या भिंतीच्या थरांमधून सुमारे ४ सेंटीमीटर लांबीची तिरपी वाट जाते. हा वंक्षण नाल. त्याला आतले आणि बाहेरचे अशी दोन तोंडे असतात. पुरुषांत यातून वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनी जातात, तर स्त्रियांत गर्भाशयाचा एक गोल बंध.

ही वाट मुळात का आहे, याचे उत्तर गर्भावस्थेत सापडते. वृषणे तयार होतात ती मूत्रपिंडांच्या शेजारी, पोटाच्या मागच्या भिंतीलगत. तिथून ती खाली सरकतात आणि साधारण सातव्या महिन्यात वंक्षण नालातून अंडकोशाकडे जातात. पर्युदराची एक बोटासारखी पिशवी त्याआधीच या वाटेने खाली उतरलेली असते. पुढे ती मिटून जायला हवी. ती उघडी राहिली तर जन्मापासूनच आतड्याला आयता रस्ता मिळतो. उजवे वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरते, त्यामुळे उजवीकडचा अंतर्गळ अधिक दिसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याचे प्रमाण जास्त असते, तेही पिशवी मिटायची राहिल्यामुळेच.

आतल्या तोंडातून शिरून नालाच्या वाटेने येणाऱ्या अंतर्गळाला अप्रत्यक्ष म्हणतात. तो अंडकोशापर्यंत उतरू शकतो. प्रत्यक्ष अंतर्गळ मात्र नालाची मागची भिंतच फुगवून सरळ पुढे येतो. ही जागा हेसेलबाख या जर्मन शल्यविशारदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रिकोणात असते. तिथे स्नायूंचा आधार तोकडा असतो. उतारवयात ऊतींचा चिवटपणा कमी झाला की ती सैल पडते. दोन्ही प्रकारांच्या मधली खूण म्हणजे पोटाच्या भिंतीत खालून वर चढणारी एक धमनी: अप्रत्यक्ष तिच्या बाहेरच्या बाजूला, प्रत्यक्ष आतल्या.

तिसरा, और्वी अंतर्गळ, जांघेतल्या त्या चिवट पट्ट्याच्या खालून मांडीत उतरतो. तो स्त्रियांत तुलनेने जास्त होतो. आकाराने लहान, म्हणून दुर्लक्षिला जातो. पण त्याच्या तोंडाच्या कडा टणक असल्याने त्यात आतडे अडकण्याचा धोका मोठा.

जड उचलले म्हणून हर्निया झाला, असे रुग्ण हमखास सांगतात. ते अर्धेच खरे. निरोगी माणूस खोकला किंवा कुंथला की स्नायूंची कमान खाली येऊन नाल दाबून टाकते, जणू दार ओढून घेतल्यासारखी. उघडी पिशवी किंवा दुबळी भिंत असेल तिथेच हा दाब फुगवटा बाहेर ढकलतो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि धूम्रपान यांमुळे त्यात भर पडते.

सुरुवातीला फुगवटा उभे राहिल्यावर दिसतो आणि आडवे झाल्यावर आत जातो. तो आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. मग काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते.

औषधाने भोक बुजत नाही, आणि कंबरपट्टा फार तर फुगवटा दाबून धरतो. इटलीच्या एदोआर्दो बासिनी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नालाची मागची भिंत शिवून बळकट करण्याची पद्धत रूढ केली. आता प्रौढांत बहुधा कृत्रिम जाळी बसवतात, उघड्या शस्त्रक्रियेने किंवा दुर्बिणीतून. लहान मुलांत जाळी लागत नाही. त्यांची भिंत धडधाकट असते, फक्त पिशवी उघडी राहिलेली असते. ती तोंडाशी बांधली की काम झाले.