ऑर्कच्या ताकदीचे दोन पॉइंट

आमच्या रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ग्रुपमध्ये एकाने पात्र म्हणून हाफलिंग बार्बेरियन घेतला तेव्हा आम्ही त्याला वेड्यात काढलं. हाफलिंग म्हणजे जेमतेम तीन फूट उंच, आणि बार्बेरियन म्हणजे कुऱ्हाड उपसून अंगावर धावून जाणारा. "अरे हाफ-ऑर्क घे ना, फुकटचे दोन पॉइंट कशाला सोडतोस" असं म्हणणारा मीच होतो. मग घरी येऊन त्या दोन पॉइंटचा हिशोब मांडला आणि तेव्हापासून ते डोक्यातून जाईनात.

ज्यांनी कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ चा अमेरिकन खेळ, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला. तुम्ही एक पात्र बनवता, त्याला ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा आकडे असतात, आणि काही करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पात्राची 'रेस' निवडायची, म्हणजे एल्फ, ड्वॉर्फ, हाफ-ऑर्क असं काहीतरी, आणि त्या रेसप्रमाणे आकडे वरखाली व्हायचे. ऑर्क म्हणजे आडदांड राक्षसी जमात, आणि हाफ-ऑर्क म्हणजे अर्धा माणूस, अर्धा ऑर्क (पुढच्या हिशोबात सोपं म्हणून नुसतं ऑर्क म्हणतो). २००० सालच्या आवृत्तीत हाफ-ऑर्कला ताकद +२, बुद्धी −२, करिष्मा −२. (१९७८ च्या पुस्तकात तर बाईच्या पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा खालची मर्यादा होती, ते नंतर गुपचूप गेलं.)

आता +२ म्हणजे नेमकं किती? ताकदीचा आकडा दोनने वाढला की फाशावर पडलेल्या आकड्यात एक जादा मिळतो, आणि वीसमधला एक म्हणजे ५ टक्के. बस्स एवढंच. जुन्या पद्धतीने तीन साधे फासे टाकून ताकद ठरवली तर सरासरी येते साडेदहा, ऑर्कची साडेबारा. पण सरासरी सोडा, रस्त्यावरचा कुठलाही एक माणूस आणि कुठलाही एक ऑर्क समोरासमोर उभा करा, मी सगळ्या ४६,६५६ शक्यता मोजल्या, त्यात ऑर्क जास्त ताकदवान निघतो साधारण ६४ टक्के वेळा, ८ टक्के वेळा बरोबरी, आणि उरलेल्या २८ टक्के वेळा चक्क माणूस भारी पडतो. म्हणजे फक्त रेस बघून पैज लावणारा दर चार वेळांत एकदा तरी तोंडावर आपटणार.

मजा टोकाला आहे. ताकद १६ किंवा वर असलेले लोक मोजले तर माणसांत २१६ पैकी १० निघतात आणि ऑर्कमध्ये २१६ पैकी ३५. सरासरीतला छोटासा फरक टोकाला जाऊन साडेतीन पट होतो. म्हणून फक्त पहिलवानांच्या आखाड्यात डोकावलं तर सगळीकडे ऑर्कच दिसणार आणि बघणारा म्हणणार, बघा, सगळे ऑर्क असेच असतात! आखाड्याबाहेरचे हजारो किडकिडीत ऑर्क त्याने बघितलेलेच नसतात.

आणि खेळात तर सगळे आखाड्यातलेच, कारण पात्राचे आकडे ठरवायला बरेच खेळाडू फासे टाकतच नाहीत. २०१४ च्या आवृत्तीत पॉइंट वाटून आकडे 'विकत' घ्यायची पद्धत आहे, त्यात रेसचा बोनस धरायच्या आधी जास्तीत जास्त १५ मिळतो. बार्बेरियन करायचा असेल तर कुणीही ताकदीला १५ च घेणार, मग हाफलिंग १५ वर अडकतो आणि हाफ-ऑर्क १७ वर जातो, दर वेळी, न चुकता. तो २८ टक्क्यांचा ओव्हरलॅप गायब! नशीब काढून टाकलं आणि ज्याची त्याची निवड आली की पाच टक्क्यांचा फरक शंभर टक्क्यांचा साचा होतो. मग टेबलवरचा प्रत्येक बार्बेरियन हाफ-ऑर्क, प्रत्येक जादूगार एल्फ, आणि नवीन मुलगा बघून शिकतो की ऑर्क असेच असतात. कुणीही कुणाचा द्वेष केलेला नाही, सगळ्यांनी फक्त हिशोबाने शहाणपणा केला.

गंमत म्हणजे त्याच खेळाच्या नियमात याचं उत्तर पण आहे. सगळ्या रेसना कमाल मर्यादा एकच, २०. फायटर, म्हणजे लढवय्या, घेतला आणि खेळत लेव्हल चढताना मिळेल तो प्रत्येक पॉइंट ताकदीत टाकला तर हाफ-ऑर्क सहाव्या लेव्हलला वीसवर पोचतो आणि हाफलिंग आठव्या. जन्माचा सगळा फायदा म्हणजे दोन लेव्हलचा सराव. तरी आम्ही त्या बिचाऱ्याला वेड्यात काढलं होतं.

मग हा साचा आपल्याला इतका पटकन पटतो का? मानसशास्त्रात याला इसेन्शियलिझम म्हणतात, म्हणजे प्रत्येक गटाच्या आत काहीतरी न दिसणारं सत्त्व असतं आणि ते बदलत नाही असं वाटणं. सुझन गेलमन आणि हेन्री वेलमन यांनी १९९१ मध्ये लहान मुलांना विचारलं की गाईचं वासरू डुकरांमध्ये वाढलं तर मोठेपणी कसं ओरडेल, शेपूट कशी असेल? चार वर्षांची पोरं सांगतात, हंबरणारच आणि शेपूट सरळच. गाईबाबत ते बरोबरच आहे. गोंधळ तिथे होतो जिथे आपण हाच नियम माणसांच्या गटांना लावतो. रेसचा बोनस म्हणजे हेच छापील स्वरूपात, एल्फांच्या वाचनालयात वाढलेल्या ऑर्कलाही ताकद +२ आणि बुद्धी −२ च.

इथे कुणी म्हणेल की अहो ऑर्क हा वेगळा प्राणीच आहे, गोरिला माणसापेक्षा ताकदवान असतो म्हटलं तर कुणाला राग येतो का. मुद्दा बरोबर आहे, मला पटतो. खऱ्या माणसांत चित्र वेगळं आहे, जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की आपल्यातला सुमारे ८५ टक्के जनुकीय फरक एकाच लोकसमूहाच्या आतला असतो, तथाकथित वंशांमधला साधारण ६ टक्के. (डीएनए बघून पूर्वज कुठले ते बऱ्यापैकी सांगता येतं, ते खरंच, पण ती वेगळी गोष्ट.) ऑर्कला हा नियम लागू नाही. त्याची ताकद गोरिलासारखी असू दे की. प्रश्न आहे ताकदीला चिकटून आलेल्या बाकीच्या वर्णनाचा: शूर, दांडगट, डोक्याने कमी, टोळीने राहणारे, कुणीतरी हुकूम सोडायला लागतो. हे गोरिलाकडून आलेलं नाही. हे आपण ऐकलेलं आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानी सैन्यासाठी 'मार्शल रेस'ची थिअरी चालवली, काही जमाती जन्मतः लढवय्या, बाकीच्या नाहीत. आणि लढवय्या म्हणजे शूर पण नेतृत्वाची अक्कल नसलेल्या, म्हणून वर गोरा अधिकारी हवाच. ताकद +२, बुद्धी −२, अगदी तोच तक्ता! महार सैनिक पिढ्यान् पिढ्या बॉम्बे आर्मीत होते, १८१८ ला कोरेगावला लढले, बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. तरी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला परत घेतलं, युद्ध संपल्यावर परत काढलं, मग १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. लोक तेच, पन्नास वर्षांत त्यांच्या कॉलमातला आकडा चारदा बदलला, लागेल तसा.

खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट, तिने जून २०२० मध्ये स्वतःच कबूल केलं की ऑर्क आणि ड्रो (काळ्या कातडीचे एल्फ) यांची वर्णनं खऱ्या लोकांना हिणवायच्या भाषेची आठवण करून देतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या पुस्तकात बोनस हवा तिथे लावायची मुभा आली, २०२२ च्या डिसेंबरात 'रेस'ऐवजी 'स्पीशीज' म्हणायचं ठरलं. (जीवशास्त्रवाल्यांनी कपाळाला हात लावला असेल, कारण ऑर्क आणि माणसाची धडधाकट पोरं होतात तर त्या दोन स्पीशीज कशा, पण निअँडरथलची जनुकं आपल्यातही निघाली, तेव्हा सोडून द्या.) २०२४ च्या पुस्तकात तर बोनस रेसवरून पूर्णच काढला आणि पार्श्वभूमीला लावला, म्हणजे तुम्ही आधी कोण होतात, शेतकरी, सैनिक, पंडित. जन्मावरून व्यवसायावर आलं, प्रगतीच म्हणायची, जरी आपल्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या असतात हेच कितीतरी शतकं कुणाला माहीत नव्हतं.

आम्ही गेल्या महिन्यात नव्या नियमांनी सुरुवात केली. रेस अगदी भन्नाट मिसळल्या, एक ऑर्क जादूगार पण आहे. पार्श्वभूमी बघितली तर कुऱ्हाडवाले दोघेही शेतकरी, आणि जादूगार अर्थातच पंडित. हाफलिंगवाल्याने मात्र या वेळी पंडित बार्बेरियन घेतलाय, ताकदीला शून्य फायदा. या वेळी मी गप्प बसलो.