सोळाव्या जागेवरचं प्रोलिन

लिस्टेरिया मोनोसायटोजीनस हा जिवाणू कच्च्या दुधातून, मऊ चीजमधून पोटात जातो. फ्रीजमधल्या 4 अंशांतही तो वाढत राहतो. गर्भवतींना त्याचा धोका मोठा. पण हाच जिवाणू उंदराला भरपूर पाजला, तरी आतड्याच्या अस्तरातून फारसा आत शिरत नाही. असं का, याचं उत्तर 1999 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलं: एकाच अमिनो आम्लाचा फरक.

लिस्टेरियाच्या पृष्ठभागावर इंटरनॅलिन-ए हे 800 अमिनो आम्लांचं प्रथिन असतं. सॉर्टेज-ए हे विकर त्याचं एक टोक पेशीभित्तिकेत पक्कं जोडतं. बाहेरच्या भागातले 15 वळसे मिळून विळ्यासारखा बाक तयार होतो आणि त्या बाकात आपलं ई-कॅडहेरिन अडकतं. आपल्या अस्तरपेशी एकमेकींना धरून ठेवतात त्या याच प्रथिनाने. माणसात त्याच्या 16व्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं. इंटरनॅलिनच्या सहाव्या वळशात एक अमिनो आम्ल कमी असल्यामुळे तिथे खाच पडते, त्या खाचेत प्रोलिन नेमकं बसतं. उंदराकडे त्या जागी ग्लुटामिक आम्ल आहे. ते लांब, शिवाय ऋणभारित. खाचेत मावत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र एकदा पकड बसली, की पेशी स्वतःच जिवाणूला ओढून गिळते.

अडचण अशी, की ई-कॅडहेरिन पेशींच्या बाजूंना, घट्ट सांध्यांखाली दडलेलं असतं. श्लेष्मा सोडणाऱ्या पेशींभोवती आणि झडणाऱ्या पेशींच्या जागी ते उघडं पडतं. जिवाणू तिथूनच घुसतो.

प्रयोगशाळेत हे मोजायची रीत सोपी आहे. माणसाच्या आतड्याच्या काको-2 पेशींवर जिवाणू तासभर ठेवायचे, मग जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालायचं. ते पेशीत सहज शिरत नाही, त्यामुळे बाहेरचेच जिवाणू मरतात. पेशी धुऊन फोडायच्या आणि आतून निघालेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या. जेंटामायसिनचं प्रमाण किंवा वेळ वाढली, तर ते आतही झिरपतं आणि आकडा खोटाच कमी येतो. अन्नात सापडणाऱ्या अनेक लिस्टेरियांत इंटरनॅलिन-एचं जनुक मध्येच तुटलेलं असतं. भित्तिकेला जोडणारं टोकच बनत नाही, प्रथिन बाहेर वाहून जातं. अशा जिवाणूंची घुसखोरी या चाचणीत फारच कमी दिसते.

प्राणी निवडताना तर खरी पंचाईत होते. गिनीपिगकडे प्रोलिन आहे, पण लिस्टेरियाचं दुसरं प्रथिन, इंटरनॅलिन-बी, त्याच्या पेशींवरच्या मेट या ग्राही प्रथिनाला ओळखत नाही. उंदरात नेमकं उलटं. वारेतून गर्भापर्यंत पोचायला दोन्ही लागतात, म्हणून त्या अभ्यासाला जर्बिल हा उंदरासारखा छोटा प्राणी वापरतात. त्याच्यात दोन्ही जोड्या जुळतात.