कलम आणि आराखडा : महाराष्ट्रातील उद्यानशिक्षणाची पार्श्वभूमी

बारावीनंतर ‘बागांची रचना करायला शिकायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलामुलींपुढे महाराष्ट्रात दोन वाटा येतात, आणि त्या एकमेकींना क्वचितच भेटतात. एक वाट कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या महाविद्यालयाकडे जाते. तेथे माती, खते, कलमे, फळझाडे, भाजीपाला आणि फुले शिकवली जातात. दुसरी वास्तुकला महाविद्यालयाकडे जाते आणि तेथे जमिनीचे चढउतार, पाण्याचा निचरा, पायवाटा, सावली आणि आराखडा यांचा अभ्यास होतो. झाड ओळखणारा एकीकडे आणि जागा ओळखणारा दुसरीकडे, अशी ही विभागणी कोणी ठरवून केलेली नाही. ती दीडशे-दोनशे वर्षांच्या घडामोडींतून पडत गेली आहे.

त्यापूर्वी बाग शिकण्यासाठी शाळा नव्हती. पेशवाईत पुण्यात हिराबाग, सारसबाग अशा बागा झाल्या. त्या ज्यांनी उभ्या केल्या आणि राखल्या त्या माळ्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे, वाफ्यात आणि पाटावर उभे राहूनच जात असे. गोव्यात पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांनी आंब्याच्या कलमांना मोठी चालना दिली. मानकुराद, मुसराद, हापूस ही नावे त्या काळाची आठवण आजही सांगतात. मात्र रचना करणारा आणि झाड लावणारा हे दोन वेगळे जाणकार असावेत, ही कल्पना या दोन्ही ठिकाणी दिसत नाही.

बाग सरकारी कारभारात आली ती एकोणिसाव्या शतकात. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. पुढे अलेक्झांडर गिब्सन यांनी ते जवळजवळ दहा वर्षे सांभाळले, आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. मुंबईत १८३० मध्ये कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापन झाली. तिची शिवडीची बाग पुढे दफनभूमीसाठी गेली, आणि भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. या उद्यानांचा हेतू शिकवणे हा नव्हता. बाहेरच्या उपयुक्त वनस्पती इथल्या हवेत रुजतात का हे पाहायचे आणि बी-रोपे वाटायची, असे त्यांचे काम होते. गिब्सन यांच्या काळात दापोडीतील वनस्पतींची जी सुंदर चित्रे काढली गेली, ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. ती काढणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच नोंद उरली, त्याचे नाव उरले नाही. ज्या माळ्यांनी ती झाडे वाढवली त्यांचीही नावे नाहीत, आणि या विषयाच्या इतिहासातली ही उणीव मला फार मोठी वाटते.

दापोडीची बाग बंद झाल्यावर १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवे वनस्पती उद्यान उभे राहिले. त्यानंतर तीनच वर्षांत दख्खनचा भीषण दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ या काळात माणसे आणि गुरे मेली, गावे ओस पडली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९ मध्ये शेतीचा वर्ग सुरू झाला तो या सावटाखाली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने शेतकी खाती उभारण्याचा आग्रह धरला, आणि १९०७ मध्ये पुण्याचे शेतकी महाविद्यालय स्वतंत्रपणे उभे राहिले. ज्या शिक्षणाचा उगम अन्नाच्या चिंतेत झाला, त्यात ज्वारी-बाजरी पहिली येणे, मग फळे येणे आणि शोभेची झाडे सर्वांत शेवटी उरणे स्वाभाविकच होते. गणेशखिंड उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो हे सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असत. म्हणजे सुरुवातीची बाग ही वनस्पतिशास्त्राच्या वर्गाची सोबतीण होती. बागेच्या रचनेला स्वतःचा वर्ग मिळालेला नव्हता.

फळझाडांना मात्र पुण्यात लवकरच मोठा अभ्यासक मिळाला. डॉ. जी. एस. चीमा यांनी गणेशखिंड येथे केलेले काम आजही महाराष्ट्राच्या बाजारात दिसते. अलाहाबाद सफेदा पेरूच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून १९२७ मध्ये निवडलेला वाण पुढे ‘सरदार’ या नावाने पसरला, आणि त्याचे ‘एल-४९’ हे जुने नाव रोपवाटिकांत अजूनही चालते. १९३६ मध्ये आळंदी डाळिंबातून निवडलेल्या वाणाला पुढे ‘गणेश’ हे नाव मिळाले. ‘चीमा साहेबी’ द्राक्षाने तर त्यांचे नावच धारण केले. शेकडो रोपे वाढवायची, प्रत्येकाची फळे वर्षानुवर्षे चाखायची, मोजायची आणि त्यांतले एक ठेवायचे, ही निवडीची चिकाटी उद्यानविद्येच्या विद्यार्थ्याला या परंपरेतून मिळाली.

राज्यात १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे झाली, आणि हा अभ्यास प्रदेशाच्या पिकांना जोडला गेला. याचे उत्तम उदाहरण कोकणातले. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ तयार झाला आणि १९८१ मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला. तरी वाणापेक्षाही मोठा फरक पाडला तो कलमाच्या पद्धतीने. पूर्वी भेटकलम करत. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन बांधायचे, दोन्हींच्या साली तासून एकमेकींना भिडवायच्या आणि जोड एकजीव होईपर्यंत दोन-तीन महिने झाडावर चढून त्या कुंड्यांना पाणी घालायचे. कोय कलमाने हा सगळा व्याप जमिनीवर आणला. पावसाळ्याच्या तोंडाशी कोयी रुजत घालतात. कोंबाची पाने अजून तांबूस असतानाच, म्हणजे साधारण आठ ते पंधरा दिवसांत, शेंडा छाटून देठाला मधोमध चीर देतात. तेवढ्याच जाडीच्या, तीन-चार महिने वयाच्या कलमकाडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा उतार देऊन ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. चाकूचा हात एकदाच आणि सरळ चालला पाहिजे. दुसऱ्यांदा तासले की दोन काप नीट बसत नाहीत आणि काडी वाळते. फळ्यावर आकृती काढून हे शिकवता येत नाही. पन्नास-शंभर काड्या वाया गेल्यावरच हात बसतो, म्हणून प्रात्यक्षिकाचा तास हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

१९९० मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि कोरडवाहू माळरानावर आंबा, काजू, डाळिंब, बोर यांच्या बागा उभ्या राहिल्या. लाखो कलमांची मागणी आली, खाजगी रोपवाटिका वाढल्या आणि उद्यानविद्येच्या पदवीधराला काम मिळाले. पुढे पुणे, अकोला, दापोली, मुळदे येथील उद्यानविद्या महाविद्यालयांतून चार वर्षांची स्वतंत्र पदवी मिळू लागली. शिक्षणाला बळ देणारी ही मागणी फळांची होती, आणि त्यामुळे त्याचा कल आणखी फळांकडे झुकला.

आराखड्याची वाट याच काळात दुसरीकडून येत होती. दिल्लीच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात १९७२ मध्ये भूदृश्य वास्तुकलेचा, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांच्या रचनेचा, पदव्युत्तर विभाग सुरू झाला आणि तो देशातला पहिला होता. तेथे शिकवलेल्या मोहम्मद शाहीर यांनी हुमायूनच्या मकबऱ्याच्या बागेच्या पुनरुज्जीवनात आणि दिल्लीतल्याच ‘सुंदर नर्सरी’ या उद्यानाच्या रचनेत मोलाचे काम केले. पुढे अहमदाबाद आणि पुण्यातही असे अभ्यासक्रम आले. बहुतेक ठिकाणी वास्तुकलेची पदवी ही प्रवेशाची मुख्य अट राहिली, त्यामुळे कलम बांधता येणारा कृषी पदवीधर सहसा दाराबाहेर राहिला. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्याने शहरांत वृक्ष अधिकारी आणि वृक्ष प्राधिकरण आणले. पालिकांच्या उद्यान विभागांत मात्र झाडांची निगा आणि जागेची रचना या दोन्हींची जबाबदारी एकाच टेबलावर येते.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून त्याची रचना केलेली आहे. तेथे फिरताना या दोन्ही विद्या एकत्र कामाला लागलेल्या दिसतात. टेकडीचा उतार आणि वळणारे पाणी हे आराखड्याचे काम आहे. गोल छाटलेली झुडपे आणि एकसारखी हिरवळ हे माळ्याच्या रोजच्या कात्रीचे काम आहे, आणि ही कात्री थांबली तर हिरवळ आणि झुडपे दोन्ही हाताबाहेर जातात.

उद्यानविद्येच्या पदवी अभ्यासक्रमात भूदृश्य वास्तुकलेच्या तत्त्वांचा एक विषय आहे, पण तो दोन श्रेयांकांचा आहे. म्हणजे आठवड्याला एक तास व्याख्यान आणि एक प्रात्यक्षिक. चार वर्षांच्या पदवीतल्या एका सत्रात तेवढ्या वेळात विद्यार्थी मोजपट्टी घेऊन महाविद्यालयाच्या आवाराचा नकाशा काढतो, उताराची दिशा पाहतो, कोठे सावली हवी ते ठरवतो, आणि पुढच्या सत्रात पुन्हा फळझाडांकडे वळतो.