पेटलेली प्रत्येक ग्रंथी कर्करोगाची नसते

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात अडीच सेंटिमीटरची गाठ आहे आणि ती कर्करोगाचीच आहे, हे बायोप्सीने कळले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘ऑपरेशन करून काढून टाकता येईल ना?’’ फुप्फुसाचा एक खंड काढणे ही आता नित्याची शस्त्रक्रिया आहे. तरीही शल्यचिकित्सक लगेच होकार देत नाहीत, कारण या प्रश्नाचे उत्तर त्या गाठीत नसते. ते दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेतील लसीका ग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये), यकृतात, हाडांत, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत आणि मेंदूत शोधावे लागते.

या शोधालाच ‘स्टेज ठरवणे’ म्हणतात. त्यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत तीन अक्षरांची आहे : टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसीका ग्रंथी आणि एम म्हणजे दूरच्या अवयवांतला प्रसार. गाठीचा टी हा मुख्यतः ३, ५ आणि ७ सेंटिमीटर अशा पायऱ्यांनी वाढत जातो. पण निर्णय बहुधा फिरतो तो एनवर. फुप्फुसाच्या मुळाशी, त्याच बाजूला असलेल्या ग्रंथींपर्यंतच रोग पोचला असेल, तर शस्त्रक्रियेचा मार्ग साधारणपणे मोकळा असतो. तो छातीच्या मध्यभागातल्या त्याच बाजूच्या ग्रंथींत शिरला असेल, तर आधी औषधे द्यावीत की कसे, यावर तज्ज्ञांना एकत्र बसून विचार करावा लागतो. विरुद्ध बाजूच्या किंवा गळपट्टीच्या हाडावरच्या ग्रंथींत तो आढळला, तर शस्त्रक्रियेने सहसा काही साधत नाही.

सीटी स्कॅनला ग्रंथीचा आकार दिसतो, स्वभाव दिसत नाही. ग्रंथीची आखूड बाजू १० मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, तर ती संशयास्पद, असा ढोबळ नियम आहे. परंतु गाठीने श्वासनलिका अडवल्यामुळे मागे न्यूमोनिया झाला असेल, तर ग्रंथी कर्करोगाविनाही सुजते. उलट ७ मिलिमीटरच्या साध्या दिसणाऱ्या ग्रंथीतही कर्कपेशी दडून बसलेल्या असू शकतात. छातीच्या मध्यभागातील रोगग्रस्त ग्रंथी ओळखण्यात एकट्या सीटीची नजर बऱ्याचदा चुकते, ती यामुळेच.

म्हणून सीटीच्या जोडीला पेट स्कॅन आला. (‘पेट स्कॅन’ हा पोटाचा तपास असावा, असे अनेकांना वाटते, मराठी कानाला ‘पेट घेणे’ आठवले, तर ते मात्र चित्राच्या बरेच जवळ जाणारे आहे.) कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखे ओढून घेतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले होते. पेट स्कॅनसाठी ग्लुकोजच्या रेणूत किंचित बदल करून त्याला किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडतात. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेते, पचनाची पहिली पायरीही पार पाडते, पण पुढच्या पायरीवर तो रेणू अडतो आणि पेशीतच साचून राहतो. जिथे साठा जास्त, तिथे चित्रात उजेड जास्त. फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे ११० मिनिटांचे असते. त्यामुळे हे औषध महिनाभर कपाटात ठेवता येत नाही; ते बनवणारा सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र, फार दूर असून चालत नाही.

तपासणीच्या दिवशी रुग्णाला किमान चार ते सहा तास उपाशी ठेवतात आणि बोटाला सुई टोचून साखर पाहतात, कारण रक्तातली साखर चढलेली असेल तर खरे ग्लुकोज या बनावट ग्लुकोजशी स्पर्धा करते. इंजेक्शननंतर तासभर पांघरूण घेऊन, न बोलता, स्वस्थ पडून राहायचे असते. ही शिस्त काहींना जाचक वाटते, पण तिला कारण आहे. बडबड केली की स्वरयंत्राचे स्नायू उजळतात, च्युइंगम चघळले की जबड्याचे, आणि थंडी वाजली तर मानेतली ‘तपकिरी चरबी’ अशी चमकते की गळ्याजवळच्या ग्रंथींचा भास व्हावा.

या यंत्राचा खरा उपयोग कशात आहे, हे नेदरलँड्समधील नऊ रुग्णालयांनी १८८ रुग्णांवर केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. नेहमीच्या तपासण्यांवर भिस्त ठेवलेल्या गटात ४१ टक्के रुग्णांची छाती व्यर्थ उघडली गेली. पेट स्कॅनची जोड दिलेल्या गटात हेच प्रमाण २१ टक्के होते. म्हणजे हा स्कॅन कोणावर शस्त्रक्रिया करावी, याहून कोणावर करू नये, हे अधिक चांगले सांगतो. डेन्मार्कमधील २००९च्या अभ्यासातही व्यर्थ शस्त्रक्रिया घटल्या, मात्र रुग्णांच्या एकूण आयुर्मानात फरक आढळला नाही. माझ्या मते, त्यामुळे स्कॅनचे मोल कमी होत नाही. निरुपयोगी ठरणारी जखम आणि तिच्यानंतरचे आठवडे वाचणे हीच मोठी गोष्ट आहे.

परंतु उजेड म्हणजे कर्करोग नव्हे. ग्लुकोज कर्कपेशींप्रमाणेच दाहाशी लढणाऱ्या पेशींनाही लागते, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, तिथे छातीतल्या ग्रंथी उजळायला क्षयाचे निमित्त नेहमीच हजर असते. युरोपातल्या आकड्यांवर विसंबून आपण उजळलेल्या ग्रंथीला थेट कर्करोग म्हटले, तर बरा होऊ शकणारा रुग्ण शस्त्रक्रियेच्या यादीतून उगाच बाहेर पडेल. याउलट कार्सिनॉइडसारख्या काही संथ गाठी फारशा उजळत नाहीत. मेंदू तर स्वतःच सतत ग्लुकोज खात असल्याने त्याच्या झगमगाटात लहान डाग हरवतो. गरज असेल तेव्हा मेंदूसाठी एमआरआय करावा लागतो, तो याच कारणाने.

म्हणून शस्त्रक्रिया नाकारायची असेल, तर उजळलेल्या जागेचा तुकडा हाती हवा. श्वासनलिकेत उतरवलेल्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचे बारीक यंत्र असते. नलिकेच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर दिसत असतानाच तिच्यात सुई घालून नमुना घेता येतो. त्यात कर्कपेशी मिळाल्या, तर स्टेज पक्की होते. क्षयाच्या खुणा मिळाल्या, तर विरुद्ध बाजूची जी ग्रंथी शस्त्रक्रियेच्या आड येत होती, ती बाजूला होते. आणि काहीच मिळाले नाही, पण संशय तरीही दाट असला, तर छातीच्या मधल्या हाडाच्या वर, गळ्याच्या खळगीत, दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन ती ग्रंथी दुर्बिणीतून प्रत्यक्ष काढून तपासतात. मुख्य शस्त्रक्रियेची तारीख त्या अहवालानंतरच ठरते.